पानांची लाखोली

बेचाळीसशे छापील पानं एका दिवसात सोलून, शिजवून, वर ओलं खोबरं पेरून मी अकरा माणसांना जेवायला वाढली आहेत. सासरी आल्यावर मी एकटीने रांधलेली पहिली मोठी भाजी तीच. नातवंडं कधी "आजी, तू हुशार होतीस ना गं लहानपणापासून?" असं विचारतात तेव्हा मी चष्मा पुसायला घेते. आणि ती पानं ज्यांची होती त्या आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, त्यांच्याइतकं जीव लावून वाचणारं माणूस त्या काळी साऱ्या रत्नागिरीत दुसरं नव्हतं. वाचनालयाच्या ग्रंथपालांनाही धरून बोलतेय मी. ते पुस्तकं द्यायचे. वाचताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही.

आत्याबाई अक्षर शिकल्या सत्तावन्नाव्या वर्षी. यजमान गेल्यावर नाटे गावाहून एक ट्रंक घेऊन त्या भावाकडे आल्या होत्या, आणि पुढे आमच्या आळीत प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला तेव्हा पहिल्या दिवशी पहिल्या ओळीत जाऊन बसल्या. त्याआधी चाळीस वर्षं त्या समोर पोथी धरून रोज म्हणायच्या, पण ती पाठ होती. पोथी नुसती मानाला समोर. वाचता यायला लागल्यावर त्यांना कळलं की एक ओळ आपण चाळीस वर्षं चुकीची म्हणत आलो. त्या दोन दिवस अस्वस्थ होत्या. मग म्हणाल्या, "देवाने चाळीस वर्षांत एकदा सुद्धा टोकलं नाही हो. लाजला असेल." त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की लिहिलेलं काहीही न वाचता सोडायचं नाही. वाण्याच्या पुडीचा कागद आधी वाचायचा, मग त्यातली बडीशेप डब्यात. रिक्षात बसल्या की रिक्षावाल्याला दटावायच्या, "सावकाश ने रे मेल्या, दुकानांच्या पाट्या वाचून व्हायच्यात." एकदा एस.टी. स्टँडवर पानाचा तोबरा भरलेला एक गृहस्थ भिंतीकडे वळला, तेवढ्यात त्याच्या मागे उभं राहून आत्याबाईंनी खणखणीत आवाजात "ये-थे थुं-कू न-ये" अशी पाटी वाचली. त्यांनी ती फक्त वाचली होती. त्या बिचाऱ्याने मात्र तोबरा गिळला.

असं बाई सगळं वाचीत सुटलेल्या असताना त्यांनी नेम धरला. आमच्याकडे बायका देवाला लाखोली वाहतात; कुणी दूर्वांची, कुणी बेलाची, कुणी तुळशीची, एक लाख मोजून. आत्याबाईंनी भटजींना सांगितलं, "मला पानांची लाखोली वाहायची आहे." भटजी आनंदाने दुसऱ्या दिवशी बेलाच्या पानांचं पोतं सायकलला बांधून हजर. "ही पानं नव्हेत हो," आत्याबाई म्हणाल्या, "पुस्तकाची." भटजी ओटीवर बसले आणि पाणी मागून प्यायले. सासऱ्यांनी हिशेब करून सांगितलं की वर्षात लाख पानं म्हणजे रोजची पावणेतीनशे, "आणि तू अजून 'क्ष' आला की थांबतेस, आक्का." शेवटी भटजींनीच तोड काढली की कलियुगात दशांशावर भागतं. दहा हजार पानं, अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया, रोजची अठ्ठावीस. अक्षय्य तृतीयेला आरंभलेल्याचा क्षय होत नाही, असं भटजी जाताना म्हणाले. त्यांना अजून मी माहीत नव्हते. माझं लग्न त्यानंतर तीन आठवड्यांनी झालं.

नेमाचे नियम आत्याबाईंनी स्वतः घातले. मुखपृष्ठ धरायचं नाही. चित्राचं पान अर्धं. कोरं पान म्हणजे उपास. पुस्तक कितीही कंटाळवाणं असलं तरी शेवटचं पान, छापखान्याच्या पत्त्यासकट, वाचूनच मिटायचं. "वाढलेलं पान टाकून उठायचं नाही" हे त्या जेवणाला म्हणत आणि पुस्तकालाही तेच. ग्रंथपाल हाताला येईल ते द्यायचे, त्यामुळे त्यांनी प्रेमकथा वाचल्या, खुनाच्या गोष्टी वाचल्या, आणि नारळावरच्या किडींवरचं दापोलीहून आलेलं एक पुस्तक तर अशा तळमळीने वाचलं की महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला माडाखाली उभं करून वरचा शेंडा दाखवायच्या. प्रेमकथेतल्या नायक-नायिकेबद्दल त्यांचं एकच मत होतं, "ह्या दोघांना घरी कामं नाहीत वाटतं." पण तीच नायिका पुढे तापाने फणफणली तेव्हा दुपारचा चहा त्यांनी घेतला नाही.

आणि मोजदाद आठळ्यांवर. आठळी म्हणजे फणसाच्या गऱ्यातली बी. मे महिन्यात शंभर आठळ्या उन्हात खडखडीत वाळवून त्यांनी उशीच्या अभ्र्यात भरून ठेवल्या होत्या. शंभर पानं वाचून झाली की अभ्र्यातली एक आठळी काढायची, तिला कुंकवाचं बोट लावायचं आणि देवघराच्या फडताळातल्या चिनीमातीच्या बरणीत टाकायची. वर्ष भरलं की शंभर आठळ्या देवापुढे. त्यांना पानं वहीत मांडून ठेव असं सासऱ्यांनी सुचवलं होतं, तर म्हणाल्या, "देवाला काय वही दाखवू? वाहायला हातात काहीतरी नको?"

हे सगळं घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. मी बी.ए. होते, मराठी घेऊन. खरं सांगायचं तर गाइडं घेऊन. सबंध पुस्तक मी तोवर एकही वाचलेलं नव्हतं, पण "माझं मराठी आहे" हे मी इतक्या वेळा बोलून दाखवत असे की माझ्यासमोर पुस्तकांचा विषय कुणी काढीत नसे. आत्याबाई तीन-चार दिवसांनी बरणीत एक आठळी टाकतात हे मी पाहिलं होतं. मला वाटायचं, म्हातारी काटकसरी आहे, पावसाळ्याची बेगमी करतेय.

गणपती आले. घर पाहुण्यांनी भरलं. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून अळू, सुरण, भेंडी, काकडी अशा परसातल्या गोष्टींची ऋषीची भाजी. सासूबाईंच्या अंगात ताप होता. पडल्यापडल्या त्या म्हणाल्या, "आज भाजी तू कर. मूठभर आठळ्या घाल, वन्संना आवडतात." पावसाळ्यासाठी लाल मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्या मी काढल्या, तर त्यांना कोंब फुटलेले. मला बरणी आठवली. फडताळ उघडलं. बेचाळीस आठळ्या निघाल्या, वर लाल ठिपके. मला वाटलं मातीच राहिलीय. त्या ठिपक्यांना मी नारळाच्या काथ्याने घासघासून धुतलं, एवढी मी स्वच्छतेची भोक्ती. मग बत्त्याने फोडून, सोलून पातेल्यात.

भाजीला सगळ्यांनी नावं ठेवली. अळू छान, सुरण छान, पण आठळ्या शिजल्या नव्हत्या. पाहुण्यांतले एक चुलतसासरे दात चाचपत म्हणाले, "सूनबाई, गोट्या घातल्यास काय गो?" मी रडकुंडीला आलेली. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "मला चांगल्या लागतात. वाढ पाहू अजून. आठळ्याच घाल." मी वाढल्या. त्या डोळे मिटून सावकाश चावत राहिल्या. मला वाटलं, ह्या घरात माझ्या हाताची चव कळणारं निदान एक माणूस तरी आहे.

दुपारी त्यांनी फडताळ उघडलं आणि रिकामी बरणी मांडीवर घेऊन बसल्या. "काय झालं हो आत्याबाई?" मी विचारलं, आणि सासूबाईंनी आतून सांगितलं की त्या आठळ्या कसल्या होत्या. चार महिने. बेचाळीसशे पानं. कबूल करायला मी तोंड उघडलं, आणि आत्याबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उंदराने नेल्या. गणपतीचे दिवस, त्याचाच उंदीर. ज्याचं त्याने नेलं, तक्रार कुणाकडे करू?" भाजीतल्या आठळ्या मातीतल्याच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. मी उघडलेलं तोंड मिटलं. मिटून वर असंही वाटलं, की सुटले. बरं झालं, बाई भोळ्या आहेत.

पुन्हा मोजायला सासरे तयार होते, ग्रंथपालसुद्धा रजिस्टर घेऊन घरी यायला तयार होते. आत्याबाईंनी ऐकलं नाही. शेजारून बेचाळीस आठळ्या जमवायला मात्र मलाच पाठवलं. "उंदराला पाठवता येत नाही, तू जा." मी आणून दिल्या, तर त्या सुकवून अभ्र्यात गेल्या. कुंकू लावून सरळ बरणीत टाका म्हटलं तर म्हणाल्या, "ह्यांच्यावर कुठलं पान वाचलंय? कोऱ्या आहेत." बरणी शून्यापासून सुरू झाली. आता आठ महिन्यांत दहा हजार, रोजची चाळीसच्या वर.

संक्रांतीपर्यंत त्यांनी चाळीस आठळ्या टाकल्या, आणि डोळे गढूळले. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे, पण अजून कच्चा. पिकला की काढू. "मग काय डोळा आढीत घालून ठेवू?" आत्याबाईंनी त्यांना विचारलं. घरी येताना रिक्षात त्या पाट्या वाचत नव्हत्या. एवढं एकच वर्ष मला देवाने वाचू द्यावं, असं त्या स्वतःशी बोलल्या, आणि ते मी ऐकलं.

त्या दुपारपासून मी त्यांना वाचून दाखवायला लागले. ऐकलेलं पान चालतं का, ह्यावर भटजींचा निर्णय मागवला गेला. पुस्तक दोघींच्या हातात असलं तर चालतं, असं ठरलं. म्हणून एक बाजू त्यांनी धरायची, एक मी, आणि डोकं डोक्याला लागायचं. मी सुरुवातीला हुशारी केली. कोंबडीपालनाच्या पुस्तकात एकदम दोन पानं उलटली. "मागे ये," त्या म्हणाल्या. "दोन पानं एकदम उलटली की आवाज जाड येतो." नंतर मी हुशारी सोडली, कारण नंतर मला पुढे काय होतं ते कळून घ्यायचं असायचं. एका खुनाच्या गोष्टीत आमची आमटी दोनदा करपली. सासूबाईंनी विचारलं, "आज पण खून झाला का?" माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी पुस्तकं शेवटपर्यंत वाचत होते, छापखान्याच्या पत्त्यासकट.

तरी पानं पुरली नाहीत. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी बरणीत सत्त्याण्णव आठळ्या, अभ्र्यात तीन. तीनशे पानं रात्रीत होणार नव्हती. आत्याबाईंनी नुसती बरणी हलवून पाहिली. पहाटे त्या आंघोळीला गेल्या तेव्हा मी अभ्रा उघडला, तिन्ही आठळ्या काढल्या आणि बरणीत टाकून मोकळी झाले. आता तरी फिटलं, असं मला वाटलं.

त्यांनी देवापुढे बसून बरणी ताटात ओतली. नजर गढूळच होती, म्हणून एकेक आठळी बोटांनी चाचपत, नाकाशी नेऊन बघत मोजली. शेवटी तीन बाजूला काढल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उंदीर सुधारला गो. नेणारा आता आणून ठेवतो. पण मेल्याला कुंकू लावायचं सुचलं नाही." सत्त्याण्णव त्यांनी देवाला वाहिल्या, नमस्कार केला, तीन माझ्या ओंजळीत ठेवल्या. मोतीबिंदू पुढे पिकला, निघाला, जाड भिंगांचा चष्मा आला आणि त्या आणखी नऊ वर्षं वाचत राहिल्या, कसलाही नेम न धरता. त्या तीन आठळ्या माझ्याकडे आहेत. आता त्यांची साल कागदासारखी सुटते. माझा डोळाही हल्ली पिकायला लागलाय, आणि दुपारी पुस्तक उघडलं की डावी बाजू धरायला कुणीतरी हवं असं वाटतं.

पण त्या दिवशी देवघरात मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला कधी कळलं. आत्याबाईंनी आदल्या दिवशीचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं, आपल्या बाजूने धरलं आणि म्हणाल्या, "दुसऱ्या घासालाच. इतक्या निबर आठळ्या दुसऱ्या कुणाच्या असणार? म्हणून तर परत वाढून घेतल्या. पण तू नवी, पंगत बसलेली. वाढलेलं पान टाकून कुणी उठतं होय? वाच आता, अर्धं राहिलंय."