बोलतलां

मुलांच्या वाढीची पाहणी करणाऱ्या आमच्या नव्या संशोधकांच्या प्रशिक्षणाचं उद्घाटन पावणेदोन तास चाललं. पंख्यामुळे समई तीनदा विझली. तिसऱ्यांदा पेटली तेव्हा टाळ्या जास्त जोरात वाजल्या. प्रमुख पाहुण्यांनी 'मतिमंद' हा शब्द वापरू नये असं बजावलं आणि उरलेल्या भाषणात स्वतः तो अकरा वेळा वापरला. वेळ भरून काढायला शेवटचं सत्र मी रद्द केलं. "नियम छापलेला आहेच, घरी वाचा," म्हटलं.

नियम असा: पालकांनी मुलाच्या पुढच्या आयुष्याबद्दल विचारलं, तर संशोधकाने भाकीत करू नये. मग बोलायचं काय, ते त्या सत्रात शिकवायचं होतं.

दोन आठवड्यांनी नव्या संशोधकांपैकी एक मुलगी करी रोडच्या चाळीत फॉर्म भरायला गेली. त्या घरातली लेक चार वर्षांची, अजून एकही शब्द बोलत नव्हती. निघताना आईने दारात विचारलं, "गो बाय, आमचां चेडू बोलतलां मां?" आमची पोर बोलेल ना?

आमची संशोधक डिलाईल रोडला वाढलेली, घरात मालवणीच. "बोलतलां, बोलतलां," ती म्हणाली. घरी आजारी माणसाला 'बरा होशील' म्हणतात, तसं.

फॉर्म पडताळायला मी त्या घरी फोन केला तेव्हा हे कळलं. आई खुशीत होती. पाच महिने थांबून मिळालेली हॉस्पिटलची तपासणीची तारीख तिने सोडून दिली होती. बोलणारच आहे, तर कामावर खाडा कशाला?

मी संशोधकाला ओरडले. ती रडत म्हणाली, "मॅडम, त्यांनी फॉर्मच्या शुद्ध मराठीत विचारलं असतं ना, तर नियम आठवला असता." मला ते पटलं, आणि पुढे ओरडता येईना.

आम्ही दोघी चाळीत गेलो. पोरगी खाटेखाली बसून स्टीलच्या डब्याचं झाकण फिरवत होती. मी समजावून सांगितलं: बोलेल की नाही, तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. तारीख पुन्हा घ्यायलाच हवी.

"म्हणजे तुमका ठाव नाय?"

"नाही."

"मगे एवढां इचारतास कित्याक?"

वीस वर्षं मी प्रश्नावल्या करते आहे. इतकं विचारता कशाला, याचं उत्तर माझ्याकडे अनुदानाच्या अर्जात लिहिण्याजोगं आहे, त्या घरात सांगण्याजोगं नव्हतं.

मग संशोधक हळूच म्हणाली, "वैनी, माझां चुकलां. माका म्हायत नसताना बोललंय."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तारीख घेतंय परत. पण ह्यां चेडू येऊंदे माझ्यावांगडा," सोबत कोण हवं ते दाखवायला तिने संशोधकाकडे बोट केलं. "तुमी नको."

पुढची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली.