चिबडातली दुसरी पावलं

चिबड मातीचा आंबूस वास आला की मला ते वावर आठवतं. आमच्या काळ्या मातीत पाणी खाली मुरतच नाही, साचून वावर चिबडतं. आश्विनाच्या चिखलात उमटलेलं पाऊल चैत्रात विटेसारखं वाळलेलं सापडतं. त्या आश्विनात सासूबाई तूर पाहायला निघाल्या तेव्हा मामाजी, माझे सासरे, म्हणाले, "चिखलात कोण येते? तूच जाय." त्या तापानं फणफणत परतल्या आणि आठवड्यात गेल्या. एकटीला धाडलं, हे मामाजींच्या जिवाला लागलं. चैत्रात आम्ही दोघं वावरात गेलो, तर सासूबाईंच्या पावलांशेजारून दुसरी पावलं गेलेली, डाव्याला अंगठा नसलेली. मामाजींनी आपला बिनअंगठ्याचा पाय त्यात ठेवला, तो नेमका बसला. "मी तं घरीच होतो ना व, पोरी?" "हाव मामाजी, चहा मीच देला तुमाले." आज वाटतं, "गेले होते तुमी," असं म्हणायला हवं होतं.