वीस फुटांचा चाळीस फुटी खांब

प्लास्टिकची पट्टी टेबलावर उभी करायची, वरून बोटाने दाबायची आणि पट्टीला पोट आलं की म्हणायचं, "बघा काका, खांब असा जातो. तुटत नाय, वाकतो." आमच्या मॅडमची ही खोडच.

त्या महाडच्या मोहल्ल्यातल्या. घरचे सगळे ट्रकवाले, ही एकटी इंजिनियर. कारखान्यांच्या शेडच्या मजबुतीचा हिशेब त्यांचा, लोखंड उभं करणं माझं. मी पोलादपूरकडचा, चौथी शिकलेला. पण माझा खांब कधी तिरका गेला नाही, हे लिहून ठेवतो.

खांब बघताना त्या आधी टोकं बघायच्या. "वर कोणी धरलंय? खाली कोणी धरलंय?" म्हातारीला जिना चढवताना विचारावं तसं. तुम्हालाही हसू आलं असतं.

बिरवाडीजवळची एक शेड मीच उभी केलेली. मालकाला ट्रक थेट आत हवा होता. आड येत होती दोन खांबांमधली अँगलची फुली, खांबांना धरून ठेवणारे दोन तिरके लोखंडी दांडे. त्या रांगेला तेवढी एकच फुली. वर माळा, माळ्यावर गोण्या, खाली माणसं.

मॅडम म्हणाल्या, "फुली गेली की खांबाचं डोकं मोकळं. शेड आडवी झुलणार. मग हा वीस फुटांचा खांब चाळीसचा धरायचा. ताकद उरते चौथाई."

मी टेप लावला. "वीसच हाय! बोलता बोलता वाढला काय?"

"टेप खोटा नाय, काका. पण वाकताना खांब टेपला विचारत नाय."

मालक हसला. "ऐका, म्हातारा काय सांगतो!" आणि गॅस कटर माझ्यापुढे केला.

मी म्हटलं, "मी लावलेलं मी कापत नाय." मॅडमचं पटलं म्हणून नव्हे. काम माझं, म्हणून.

फुली काढायच्या कागदावर मॅडमनी सही केली नाही. मालकाने दुसऱ्याकडून फुली कापून घेतली. मॅडमना पुढे इकडची कामं मिळेनाशी झाली. मस्कतला जाताना त्यांचा फोन आला, "काका, त्या शेडकडे लक्ष असू द्या."

"लक्ष ठेवून खांब ताठ राहतो काय?" मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

परवा त्या शेडवर गेलो होतो. गोण्या पार पत्र्याला टेकलेल्या. त्याच खांबाला पाठ लावून दोन बाया डबा खात होत्या.

"बायांनो, बाहेर बसा गो."

"का आजोबा, खांब काय तुमचा हाय?"

"माझाच हाय," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि जेवत राहिल्या. त्यांचे डबे संपेपर्यंत मी तिथेच उभा होतो.