भोंग्याची किल्ली

पन्नाशीत माणूस गुडघ्यांना तेल लावतो, मी महाडला एपीआयचा क्लास लावला. एपीआय म्हणजे दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची ठरवून दिलेली वाट. शिकलेलं मिरवायला जागा हवी, म्हणून पोलादपूरच्या वर डोंगरात असलेल्या आमच्या वाडीसाठीच एक रचला. चुलतभाऊ पर्जन्यमापक बघून फोनवरून आकडा पाठवणार, आकडा हद्दीबाहेर गेला की देवळावरचा भोंगा वाजणार आणि दरड यायच्या आत सगळे खालच्या शाळेत जाणार. तो वापरायचं माहितीपत्रक असं झोकात लिहिलं की वाचून मीच मान डोलवली. उणे आकडे, आकड्यांच्या जागी अक्षरं, सगळा आचरटपणा पाठवून तपासून झाला. आकडा पाठवायला लांबलचक गुप्त शब्द लागायचा, त्याला किल्ली म्हणतात. ती एकट्या भावाकडे.

एका दुपारी भोंगा बोंबलला. वाडी चिखलातून शाळेकडे पळाली. भावाची आई, माझी काकी, निसरड्यावर पडली आणि तिचा खुबा मोडला. डोंगर जागच्या जागी. मग वाडीतून मुंबईला गेलेल्यांच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर कुणाचा तरी हसरा मेसेज आला, टेस्टिंग करून बघितलं म्हणून. आमच्याकडे बाहेर जाताना घराची किल्ली शेजारी ठेवतात. भावानं हीसुद्धा ग्रुपवर ठेवली होती.

"मी रानात असलो न् पाऊस चढला तर?" तो म्हणाला. "कोनाकडं तरी नको?"

मग मी शहाणा झालो. जुनी किल्ली रद्द केली, भावाला आणि शाळेच्या बाईंना वेगवेगळी दिली, शाळेतही पर्जन्यमापक बसवला, दोघांचे आकडे जुळल्याशिवाय भोंगा वाजणार नाही अशी सोय केली. काकी खाटेवरून माझी थट्टा करायची, आता तुझ्या भोंग्याशी माझं लग्न लाव म्हणायची.

पुढच्या पावसात भोंगा पुन्हा वाजला. मी शाळेत माणसं मोजत होतो. निम्मी वाडी आलीच नव्हती. भावानं काकीसाठी बांबूला घोंगडी बांधून डोली केली, पण तिनं खाट सोडली नाही. मुंबईची पोरं परत खेळतायत, म्हणाली. त्यानं हातापाया पडून सांगितलं, या वेळी आकडा मीच पाठवलाय. शेवटी उचलायला दोन माणसं आणावीत म्हणून तो खाली धावला. तेवढ्यात दरड आली आणि काकीसकट तेवढं एकच घर गेलं.

भोंगा वेळेवर वाजला होता, आकडे बरोबर होते. दहाव्याला हे मी भावाला सांगत बसलो. त्यानं ऐकून घेतलं.

"शेवटाला आईला मी खोटा वाटलो रे," तो म्हणाला.