अक्काची उघडी फाइल

रेखाचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या उलटत होते. "मावशी, आई गेली. झोपेतच गेली," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. रेखा म्हणजे अक्काची मुलगी, आणि अक्का माझी थोरली बहीण. मी तशीच उन्हात बसून राहिले. थोड्या वेळाने फोन वाजला म्हणून पाहिलं, तर रेखाने घरच्या सगळ्यांना एक फाइल पाठवली होती. अंत्यविधी किती वाजता, कोण कोणाच्या गाडीतून येणार, पहिल्या दिवशीची पिठलं-भाकरी कोणाकडून. जळगावला जाताना गाडीत मी ती उघडून बघत होते आणि डोळ्यांदेखत ती भरत होती. सुरतेच्या पुतण्याने लिहिलं, आम्ही निघालो आहोत, थांबा. वहिनीने लिहिलं, भाकरी मी आणते, कोणी वेगळ्या करू नका. कोणीतरी पारोळ्याजवळ रस्त्याचं काम चाललंय म्हणून वळसा घ्यायला सांगितलं. आमच्या घराण्यात मयताला अर्धी माणसं घरी आणि अर्धी स्मशानात, आणि एखादी गाडी जळगावऐवजी भुसावळच्या स्टेशनवर, अशीच आजवरची परंपरा. त्या दिवशी मात्र एकही माणूस चुकलं नाही. रडता रडता मला हसू आलं... ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघायला लागला. त्याला काय सांगणार, की जी गेली तिनेच हे आम्हाला शिकवून ठेवलंय!

आम्ही अमळनेरच्या बाजूचे. तिघं भावंडं. सगळ्यांत मोठी अक्का, मग भाऊ, मग मी. अक्का लग्न होऊन दीपनगरच्या वसाहतीत गेली, कारण दाजी तिथल्या कोळशाच्या वीज केंद्रात होते. वाळत घातलेल्या धुण्यावर राख बसू नये म्हणून कोणत्या दिवशी वारा कुठून वाहतो याचं ती टिपण ठेवायची. तेव्हापासूनच तिला सगळं लावून ठेवायची खोड. दाजी निवृत्त झाल्यावर दोघांनी जळगावला लहानसं घर बांधलं, आणि तिथे चार वर्षं जेमतेम सुखाची गेली असतील, तर दाजी वारले. घर एकदम रिकामं झालं. रेखाने पुण्याहून आपला जुना कॉम्प्युटर आणून आईच्या टेबलावर ठेवला. विरंगुळा म्हणून पत्ते खेळशील, असं तिचं म्हणणं. अक्काने पत्ते कधी उघडलेच नाहीत.

तिने त्या कॉम्प्युटरला कामाला लावलं. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं हे कळल्यावर ती दिवसभर बसून नुसती नातेवाइकांची नावं लिहीत होती. मग तिला कॅलेंडर सापडलं, मग कामांच्या याद्या, मग आपोआप जपून राहणाऱ्या फाइली. अट एकच, फुकट पाहिजे. एखाद्या सॉफ्टवेअरने पैसे भरा म्हटलं की ती लगेच ते बंद करायची. "त्याने तोंड उघडलं की आपण दार लावायचं," म्हणायची. आणि फुकटात काय काय मिळतं हे शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. वाळवणाचं वेळापत्रक वेगळ्या रंगात, औषधं वेगळ्या रंगात, भजनी मंडळाची गाणी एका ठिकाणी, कोणाच्या घरी बाळंतपण आहे ते दुसऱ्या ठिकाणी. एकदा मी तिच्याकडे गेले असताना पडद्यावर माझं नाव दिसलं. दर शुक्रवारी सकाळी, "मंदाला फोन. भांडण मिटवणे."

"आपलं कुठे भांडण झालंय?" मी चिडून विचारलं.

"आगाऊ लावून ठेवलंय," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मी त्या शुक्रवारपर्यंत तिच्याशी बोलले नाही. शुक्रवारी तिचा फोन आलाच.

लिहिण्याचं मात्र तिला खरं वेड होतं. तिचं अक्षर सुंदर, पण खाडाखोडीची भयंकर भीती. एक शब्द चुकला तर सगळा कागद पुन्हा लिहायची. "आता कसं, चुका करायला मोकळी झाले," असं ती कॉम्प्युटर आल्यावर म्हणायची. दीपनगरच्या दिवसांबद्दल तिने पानंच्या पानं लिहिली. मधेच फोन करून विचारायची, "तुझ्या लग्नात मांडव उडाला तेव्हा पहिला खांब कोणी धरला होता?" मला कसं आठवणार? मी तर नवरी होते.

पण घराण्यात तिचं नाव होतं ते लग्नपत्रिकांसाठी. आमच्याकडच्या पत्रिका ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना कळेल मी काय म्हणते ते. नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात, इतकी भाऊबंदांची गर्दी. निमंत्रक, व्यवस्थापक, स्नेहांकित, आणि कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून वर्षानुवर्षं अबोला. ही सगळी मोट अक्का बांधायची. लग्न कोणाचंही असो, मजकूर अक्काने लिहायचा, नावांचा क्रम अक्काने लावायचा, छापखान्यात जाऊन तपासायचं अक्काने. आणि तिचं नाव कुठल्याही पत्रिकेत नसायचं. बायकांची नावं घालायची पद्धतच नव्हती. दाजी होते तोवर त्यांचं नाव असायचं, त्यात तीही आली असं सगळे धरून चालायचे. दाजी गेले आणि तेही गेलं. तळाशी 'चिमुकल्यांची किलबिल' म्हणून पाळण्यातल्या पोरांचीसुद्धा नावं छापलेली असतात. अक्का ती नावंही हौसेने लिहायची, एकाही बाळाचं राहून जाऊ नये म्हणून घरोघर फोन करायची. मला त्याचा फार राग यायचा. तिला येत होता की नाही हे तिने कधी कळू दिलं नाही.

मागच्या वर्षी भाऊच्या सोनलचं लग्न ठरलं. अक्का तेव्हा नुकतीच एक नवी गोष्ट शिकली होती, एकच फाइल सगळ्यांनी मिळून लिहायची. तिने पत्रिकेचा मजकूर तयार केला आणि घराण्याच्या ग्रुपवर सगळ्यांना पाठवून दिला. ज्याला चूक दिसेल त्याने स्वतः दुरुस्त करावी, असं वर लिहिलं. भाऊबंदांच्या हातात लग्नपत्रिका देऊन दुरुस्त करा म्हणायचं! इतक्या पत्रिका लिहून झाल्यावर हे तिला कसं सुचलं, देव जाणे.

मी त्या दिवशी जळगावलाच होते. दुपारची जेवणं आटोपून आम्ही दोघी टेबलापाशी बसलो होतो. बघता बघता पडद्यावरचं एक नाव उचललं गेलं आणि वर जाऊन बसलं. मग त्याच्याही वर दुसरं. सुरतेचे काका नाशिकच्या काकांच्या डोक्यावर, नाशिकचे पुन्हा त्यांच्या डोक्यावर. कोणी स्वतःच्या नावापुढे 'माजी सरपंच' जोडलं, लगेच दुसऱ्या कोणी ते पुसलं. आम्ही पोट धरधरून हसत होतो. अक्का शांतपणे फाइलची आधीची प्रत परत आणायची, की पुन्हा उड्या सुरू. तेवढ्यात भाऊचा फोन, त्याच्या अहिराणीत.

"अक्का व, हाई काय शे? मनी पोरनं लगीन शे, आन मनंच नाव खाले कसं गयं?"

"थांब जरा, आता वर येशील," अक्का म्हणाली. "आत्ताच तुझ्या अंगावरून नाशिककर गेले."

आणि मग तळाशी, किलबिलीच्याही खाली, एक नवी ओळ उमटली. सौ. कमल. भाऊची बायको, आमची वहिनी. आम्ही दोघी हसायच्या थांबलो. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याखाली सुरतेच्या काकूंचं नाव आलं. मग नंदुरबारच्या जाऊबाईंचं. मग एकामागून एक, ज्यांनी आयुष्यभर या घराण्याच्या लग्नांत पुऱ्या लाटल्या त्या सगळ्या जणी आपापल्या स्वयंपाकघरांतून येऊन त्या पानावर बसल्या. वर पुरुषांच्या उड्या बंद पडल्या. वहिनीने अक्काला फोन केला, आवाज अगदी बारीक. "अक्का, मी मनं नाव लिखी टाकं. पुसू का?"

"हात लावू नकोस," अक्का म्हणाली.

पाठोपाठ पुन्हा भाऊ. "बायास्ले हात लावाना हक्क कोनी दिन्हा?"

अक्का एरवी फोनवर शुद्ध बोलायची. त्या दिवशी तिने भावाला त्याच्याच बोलीत उत्तर दिलं, 'सगळ्यांना' न म्हणता 'बठ्ठास्ले' म्हणत. "मी दिन्हा. बठ्ठास्ले दिन्हा. तुनी बायको बठ्ठास्मा येत नई का?"

भाऊने फोन ठेवला. मी एवढी खूश झाले होते की सांगायची सोय नाही. मी पुढे होऊन स्वतःचं नाव लिहिलं आणि त्याच्यावर अक्काचं. तिने माझं ठेवलं आणि आपलं पुसलं. मी पुन्हा लिहिलं, तिने पुन्हा पुसलं. "माझं राहू दे, मंदे," ती म्हणाली. "सौभाग्यवतींच्या ओळीत माझं नाव बघून व्याह्यांकडचं कोणी काही बोललं, तर पोरीच्या लग्नात विघ्न नको." इतक्या सगळ्या बायकांना जागा करून देणारी बाई स्वतः दाराबाहेरच उभी राहिली. मला रडू आलं आणि रागही आला. त्या संध्याकाळी मी धुळ्याची बस पकडली ती तिच्याशी धड न बोलता. शुक्रवार यायला अजून वेळ होता.

शुक्रवारी फोन आला, पण भांडण मिटवायला नव्हे. "मंदे, फाइल उघड. सगळ्यांत वर बघ."

मी पाहिलं. निमंत्रकांच्या यादीत, भाऊच्या स्वतःच्या नावाच्याही वर, नुसतं 'अक्का' असं लिहिलं होतं. ना श्रीमती, ना आडनाव. मागेपुढे दोन-तीन ओळी रिकाम्या, जणू कोणी जाड बोटांनी चाचपडत लिहिलंय. कोणी कधी काय बदललं ते त्या फाइलीत दिसतं. अक्काने ते आधीच पाहून ठेवलं होतं. "भाऊच्या फोनवरून झालंय," ती म्हणाली. भाऊने तोवर आयुष्यात फोनवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. जमायचं नाही म्हणून पोरांकडून लिहून घ्यायचा. हे मात्र त्याने कोणालाही लिहायला सांगितलं नव्हतं.

एका वेलांटीसाठी छापखान्यात तासभर वाद घालणाऱ्या माझ्या बहिणीने ती ओळ तशीच ठेवली. रिकाम्या जागा तेवढ्या काढल्या. छापखान्यातल्या माणसाने विचारलं, ताई, नुसतं अक्का? आडनाव राहिलंय का? ती म्हणाली, असू द्या. व्याह्यांकडचं कोणी काहीही बोललं नाही. उलट लग्नात येईल तो विचारत होता, यातल्या अक्का कोणत्या? आणि अक्का नवी साडी नेसून, एका हातात पत्रिका घेऊन, ओळखीच्या माणसांनासुद्धा आपली ओळख करून देत होती. तेव्हाइतकी आनंदात मी तिला क्वचितच पाहिली.

त्यानंतर ती फाइल घराण्याचीच झाली. प्रत्येक लग्नाचं, बारशाचं नवं पान तिथेच. बायकांची नावं आता तळाशी नसतात, आपापल्या नवऱ्याच्या शेजारी असतात, आणि वर-खाली जाण्यावरून त्याही भांडतात. समानता आली म्हणायची!

तेरावं झाल्यावर आम्ही चौघं अक्काच्या टेबलापाशी बसलो होतो. भाऊ, वहिनी, रेखा आणि मी. एका चुलत पुतण्याचं लग्न ठरलंय, त्याची पत्रिका करायची आहे. रेखा म्हणाली, "मामा, ही फाइल आईच्या खात्यात आहे. खातं फार दिवस कोणी उघडलं नाही तर कंपनी ते बंद करेल, फाइलही जाईल. मालकी तुमच्या नावावर करून देते." तिने दाखवलं तसा भाऊने चष्मा लावला आणि पडद्यापाशी वाकला. मालक, आणि पुढे 'अक्का'. तिने खातंच त्या नावाने काढलं होतं.

भाऊने त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "घर, वावर बठ्ठं मना नाववर शे. हाई एक तरी तिना नाववर ऱ्हाऊ दे."

"मग कोणीतरी मधून मधून तिचं खातं उघडायला लागेल, मामा."

"मी उघडसू."

आता तो जळगावला बाजाराला आला की अक्काच्या शेजाऱ्यांकडून किल्ली घेतो. खिडक्या उघडतो, टेबल पुसतो, रेखाने शिकवलं तसं एकेक बटण बघून दाबतो. परवा मीही तिथे होते. खातं उघडायला वेळ लागत होता आणि भाऊच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी फाइल उघडली. त्याने कोपऱ्यातलं नाव वाचलं, खुर्चीला टेकला आणि घरी वहिनीला फोन लावला.

"हा, उघडं," तो म्हणाला. "देखं मी. अक्का शे."