पुन्हा उकळलेली खीर

चूल पेटवण्याआधी तो दोन्ही हात उलटेसुलटे करून मांडवातल्या लोकांना दाखवायचा. "पाहून घ्या बावा, मंग म्हनू नका!" दारव्ह्याकडे लग्न ठरलं की मुहूर्ताआधी या आचाऱ्याला विचारत, असं आम्ही त्याला चिडवायचो. तो गालात हसायचा. असा एखादा तुमच्याही गावात असेल.

साठ सालाच्या आसपास मी तिथे आरोग्य निरीक्षक होतो. नवी नोकरी, नवी सायकल, आणि पुस्तकातलं ज्ञान नुसतं उतू चाललेलं.

उन्हाळ्यातल्या एका लग्नात, सकाळीच, त्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, बोट पिकलं हाय. आज मी खिरीले हात लावत नाही. दुसरा पाहा."

ऐनवेळी दुसरा कुठून आणणार? मी पट्टी बांधली. म्हणालो, "काही होत नाही."

वऱ्हाड आलं दुपार कलल्यावर. खीर तोवर पातेल्यात तशीच होती. त्याने वास घेतला, चव घेतली. दोन्ही ठीक. तरी म्हणाला, "मले हे बरं नाही वाटून राह्यलं. टाकून देतो."

"एवढं दूध टाकता? पुन्हा उकळा. उकळलं की जंतू मेले!" मी चारचौघांत सुनावलं. त्याने पुन्हा जाळ लावला.

दिवेलागणीला मांडवभर ओकाऱ्या आणि जुलाब. सगळे वाचले, हे नशीब. अहवालात मी लिहिलं, आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम होती. खोटं काहीच नव्हतं. त्याला चुलीशी कोणी बसवलं, तेवढं लिहिलं नाही.

दोन वर्षांनी प्रशिक्षणात कळलं. उकळल्यावर जंतू मरतात, पण त्यांनी आधीच दुधात सोडलेलं विष उकळूनही जात नाही. वर्गात माझे कान तापले. परतल्यावर आधी त्याच्याकडे जायचं ठरवलं. गेलो नाही. लाज वाटली, दुसरं काय!

पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं. पाहतो तर चुलीपाशी परका आचारी, आणि हा पंगतीत पाणी वाढतोय.

"तुम्ही नाही रांधलं?"

"त्या खिरीनंतर पोरीच्या सासरचे माह्या हातचं खातीन काय, साहेब?" तो अगदी सहज म्हणाला.

व्याही माझ्या शेजारीच बसले होते. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पेला पुढे केला. त्याने पाणी वाढलं, आणि मी खाली मान घालून भात कालवू लागलो.