आप्पाचा गुडघा आणि शॉर्ट कॉर्नर

मला स्वतःला हॉकी कधीच जमली नाही. दोनदा स्टिक हातात घेतली आणि दोन्ही वेळा ती बॉल सोडून आमच्याच माणसाच्या नडगीवर बसली. त्यामुळे खेळाविषयीची माझी मते फार ठाम होती. जो खेळतो त्याला आपण चुकू अशी भीती असते, मला ती नव्हती.

ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. शहापुरात आमच्या गल्लीत घरटी हातमाग होते आणि घरटी एक हॉकीचा जाणकार होता. टीममधले अकरापैकी नऊ जण साड्या विणणारे. बेळगावच्या कॅम्पात पलटणीची टीम होती. ते लोक बूट घालून रोज सकाळी सराव करायचे. आम्हाला पुरा दिवस मिळायचा तो अमावास्येला, कारण अमावास्येला माग बंद ठेवायची आमची रीत. पिरनवाडीच्या वाटेवर एक माळ होता, तिथे त्या दिवशी सकाळपासून सराव चाले. एरवी दिवस मावळायच्या आधी तासभर, तोही ज्याचं साडीचं काम पुरं झालं असेल त्याला.

वाद मात्र रोज व्हायचा. गल्लीच्या तोंडावरच्या हॉटेलात संध्याकाळचा चहा आला की बशी म्हणजे गोल, सुपारी म्हणजे बॉल आणि विड्या म्हणजे खेळाडू. वादाला मराठीत सुरुवात होई, गरम झाला की तो कन्नडात जाई आणि शिव्या दोन्हीकडच्या वापरल्या जात.

वादाचा विषय एकच, आमचे शॉर्ट कॉर्नर. आमचा डावीकडचा फॉरवर्ड इतका चपळ होता की समोरचे वैतागून त्याच्या पायावरच स्टिक घालायचे, त्यामुळे शॉर्ट कॉर्नर आम्हाला ढिगाने मिळत. एकाने गोलाच्या रेषेवरून बॉल मारायचा, दुसऱ्याने तो डीच्या, म्हणजे गोलापुढच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाशी हाताने अडवायचा आणि तिसऱ्याने गोलात हाणायचा. तेव्हा हाताने अडवायला परवानगी होती. आणि आमच्या टीमचा अडवणारा हात होता आप्पाचा.

आप्पा पंचेचाळिशी ओलांडलेला. माझा आणि त्याचा माग एकाच पडवीत, शेजारी शेजारी. मागाच्या फणीची चौकट ओढून ओढून त्याच्या डाव्या तळव्याला असा घट्टा पडला होता की बॉल तिथे आपटला की जागच्या जागी मरायचा. सूतभरसुद्धा उडायचा नाही. एवढं एक काम सोडलं तर आप्पाचं मैदानावर दुसरं काही उरलं नव्हतं. पळणं तर त्याने केव्हाच सोडलं होतं. अडवायला तो एक गुडघा टेकून बसे, आणि बसलेला आप्पा उठेपर्यंत पलटणवाले आमच्या गोलापर्यंत जाऊन येत.

याचं कारण मला ठाऊक होतं. आमचे माग खड्ड्याचे. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून काठावर बसायचं आणि खाली पावड्या दाबायच्या. तीस वर्षं पाय असे लोंबकळत ठेवले की गुडघे माणसाचं ऐकेनासे होतात. आप्पाने आढ्याला एक दोर बांधला होता. दुपारी जेवायला उठायचं तर त्या दोराला लोंबकळून तो वर येई, आणि येताना मी पाहतोय का ते पाही. मी धाग्यात डोकं घालून बसे.

पण हॉटेलात मी हे सगळं वापरत होतो. आप्पाला काढा, या पक्षाचा पुढारी मीच. वीस वर्षांचा एक पोरगा होता, स्टिकने बॉल अडवायचा आणि हरणासारखा पळायचा. त्याला घ्या, असं माझं म्हणणं. आप्पाच्या पक्षाचा पुढारी म्हणजे आमचा सुताचा व्यापारी. जैन, मूळचा चिकोडीकडचा, आम्ही त्याला अण्णा म्हणत असू. मी म्हणायचो की आप्पा बसला की आपण दहाच उरतो. अण्णा म्हणायचा, दहाजण पळतात आणि एकच विचार करतो, त्याला तरी बसू द्या. विड्या इकडून तिकडे सरकत. हॉटेलवाला शेवटी सुपारी उचलून खाऊन टाकी आणि त्या दिवसापुरता सामना संपे.

त्या वर्षी आम्ही बेळगावच्या कपाच्या फायनलला पोचलो. संकेश्वरकडच्या टीमला हरवून आलो होतो आणि समोर पलटण होती. आप्पा याआधी तीन फायनल खेळला होता आणि तिन्ही हरला होता. कप घरी आणल्याशिवाय स्टिक ठेवणार नाही, असं तो सगळ्या गल्लीत बोलून बसला होता. आता आमच्या कॅप्टनने त्याला स्पष्ट सांगितलं. अमावास्येला माळावर दहा बॉल अडवायचे, आणि प्रत्येक वेळी कुणाचा हात न धरता उठायचं. एकदा जरी जमलं नाही तरी फायनलला तो पोरगा.

मी खूष झालो. अण्णाला म्हटलं, आप्पा फायनल खेळला आणि आपण जिंकलो, तर मी भर गल्लीत बसून दिवसभर कांड्या भरीन. कांड्या भरणं, म्हणजे चरख्यावर बसून धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळणं, हे आमच्यात बायकांचं काम. पुरुषाने ते उघड्यावर करायचं म्हणजे नाकच कापून द्यायचं. तसं झालं नाही तर आपण भरू, असं अण्णानेही कबूल केलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण हॉटेलात एकदा माझ्या तोंडून गेलं होतं की आप्पासाठी माळावरच मागाचा खड्डा काढा, म्हणजे त्याला घरच्यासारखं वाटेल. लोक फार हसले. हसणाऱ्या लोकांनी माझं फार नुकसान केलं आहे. अमावास्येच्या आदल्या दुपारी मी कुदळ घेऊन माळावर गेलो आणि डीच्या टोकाशी, आप्पा जिथे गुडघा टेकतो नेमका तिथे, मागाचा खड्डा काढून आलो. कडा अगदी साफ केल्या. काम चांगलं झालं होतं.

सकाळी सगळे जमले. खड्डा पाहून आधी कुजबुज झाली, मग माझ्या पक्षाने खोकल्याचं निमित्त करून हसून घेतलं. कॅप्टन रागावला आणि कुणाचं काम म्हणून विचारू लागला. मी आभाळाकडे पाहत होतो. आप्पा आला, खड्ड्याशी उभा राहिला, मग त्याने स्टिक आत सोडून खोली मापली.

"खड्डा झ्याक काढलाय," तो म्हणाला. "पर हा माझा न्हाय. माझं पाय लांब हायती."

आमच्यात प्रत्येकाचा खड्डा त्याच्या पायाच्या मापाचा असतो. दुसऱ्याच्या खड्ड्यात बसलं तर पावडीला पाय पोचत नाही. मी खणताना डोकं वापरलं नव्हतं, सवय वापरली होती. आणि अख्ख्या गल्लीत गुडघ्याखाली इतका आखूड माणूस एकच होता. सगळ्यांनी आधी खड्ड्याकडे पाहिलं आणि मग माझ्या पायांकडे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

कॅप्टनने मला शिक्षा दिली ती अशी की आधी खड्डा बुजवायचा, आणि मग दिवसभर आप्पाची चाकरी करायची. बॉल अडवताना आप्पा आपली स्टिक बाजूला ठेवी, ती उचलून दरवेळी त्याच्या हातात द्यायची. मी खड्डा बुजवला, पायाने तुडवून सपाट केला आणि आप्पाच्या मागे जाऊन उभा राहिलो.

पहिला बॉल आला, तळव्यावर आपटला आणि मेला. आप्पा स्टिकवर भार देऊन उठला. दुसरा, तिसरा तसाच. चौथ्याला मी स्टिक दिली तेव्हा त्याने ती धरली, पण उठला नाही. मान न वळवता हळूच म्हणाला, "सोडू नगंस. तुझ्याकडचं टोक घट्ट धर. पर ओढतोयस असं दिसू दिऊ नगंस."

मी धरलं. आता इथे मी हात ढिला सोडला असता तर पैज माझी होती. सगळी गल्ली समोर उभी होती. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला एकदम दुपारचा तो दोर आठवला. मी टाच रोवली, तोंडावर कंटाळा आणला आणि स्टिक घट्ट धरून ठेवली. आप्पा तिच्या आधाराने वर आला. लोकांना एवढंच दिसलं की चाकर मालकाला स्टिक देतोय.

दहा बॉल झाले. शेवटच्या तीन वेळी तर त्याचा सगळा भार माझ्या मनगटावर होता आणि मी गाण्याची एक ओळ गुणगुणत होतो. कॅप्टन म्हणाला, आप्पा खेळणार. माझ्या पक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बघा, नशीब आहे म्हाताऱ्याचं. मला स्वतःचा राग येत होता आणि बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचे आठ दिवस मी विचित्र जगलो. संध्याकाळी हॉटेलात आप्पाविरुद्ध भाषण करायचो, कारण तोंडाला सवय होती. आणि फायनलला मैदानात मी नसणार म्हणून सकाळी आमच्या हाफबॅकला घराच्या मागे नेऊन स्टिक कशी द्यायची ते शिकवायचो. टोक कुठे धरायचं, टाच कशी रोवायची, नजर कुठे ठेवायची. तो म्हणाला, "तू कुणाच्या बाजूचा हाईस रं?" मी म्हटलं, तू आधी टाच रोव.

फायनल कॅम्पातल्या मैदानावर झाली. पलटणीचे लोक रांगेत शिस्तीने बसले होते, आम्ही झाडांवरसुद्धा होतो. चार शॉर्ट कॉर्नर मिळाले. चारही वेळा आप्पाने बॉल मारला, म्हणजे तळव्यावर मारून टाकला, आणि चारही वेळा पुढचा फटका त्यांच्या गोलकीपरने अडवला. हाफबॅक दरवेळी झकास स्टिक देत होता. माझ्या शेजारी उभा असलेला अण्णा म्हणाला की आप्पा कसा ताडकन उठतोय बघ. मी म्हटलं, बघतोय.

खेळ संपायला थोडाच वेळ उरला तेव्हा पाचवा मिळाला. बॉल आला, आप्पाचा गुडघा टेकला, हात खाली गेला. यावेळी फटका गोलकीपरच्या दोन पायांमधून फळीवर आपटला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मग काय, झाडं रिकामी झाली. सगळी टीम फटका मारणाऱ्याच्या अंगावर पडली. हाफबॅकही धावला, त्याचा काही दोष नाही, मीही धावलो असतो. आप्पा डीच्या टोकाशी एका गुडघ्यावर एकटा राहिला. स्टिक बाजूला पडलेली. तो तिच्याकडे पाहत होता, पण ती हाताच्या पलीकडे होती. लोक त्याला वळसा घालून पळत होते.

मी मैदानाभोवतीचा दोर ओलांडून आत गेलो. तो म्हणाला, "तू कशाला आलास? तू तर हरलास न्हवं." मी स्टिक उचलली आणि टोक पुढे केलं. त्याने मान हलवली. पाय पार गेला होता. "बस जरा हितं," तो म्हणाला. "दोघं बसलोय असं दिसू दे."

मी त्याच्याशेजारी मांडी घालून बसलो. आमच्या बाजूचे लोक नाचत होते आणि मी, आप्पाला काढा म्हणणारा पुढारी, भर मैदानात त्याच्याबरोबर गप्पा मारत असल्यासारखा बसलो होतो. त्याचे डोळे भरले होते, माझेही. पंचाने खेळ पुन्हा सुरू करायला शिट्टी फुंकली तेव्हा हाफबॅक धावत परत आला, त्याने टोक धरलं आणि मला बाहेर हाकललं. उरलेला वेळ आप्पा उभा राहिला, एवढंच. कप आला.

दुसऱ्या दिवशी मी चरखा घेऊन गल्लीत बसलो. अण्णाने स्वतः सूत आणून दिलं, नेहमीपेक्षा गुंत्याचं. बायका पाणी आणायच्या निमित्ताने चार चार खेपा करत होत्या. कुणी म्हणे याला लुगडं नेसवा, कुणी म्हणे कांडी ढिली भरतोय, याला नांदवायचं कसं. मी चरखा फिरवत होतो.

दुपारी आप्पा आला आणि समोरच्या ओट्याच्या पायरीवर बसला. एक कांडी उचलून अंगठ्याने दाबून पाहिली आणि ढिली आहे म्हणून परत टाकली. इकडचं तिकडचं बोलला. गल्ली भरलेली होती. टीमचे लोक, अण्णा, कॅप्टन, बायका, सगळे माझी गंमत पाहायला उभे. जेवायची वेळ झाली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. स्टिक आणली नव्हती.

मी उठून त्याचे हात धरले आणि सवयीने इकडेतिकडे पाहत, कुणाला कळणार नाही अशा बेताने ओढू लागलो.

"जोरात उचल रं," आप्पा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता कळू दे लोकास्नी."